पळायची बाबागाडी

त्याने बाबागाडी पुन्हा पायरीवर आदळली. पुढचं चाक दगडी कडेला लागून वाकडं झालं, गाडी एका अंगावर कलली आणि सीटवर पट्ट्यांनी बांधलेली वाळूची पिशवी अर्धी बाहेर लोंबली. त्याने ती ओढून काढली आणि गाडी भिंतीला लावली.

“ही नको,” तो म्हणाला. “दुसरी द्या.”

दुकानातल्या बाईने वाकडं चाक पाहिलं आणि ओठ आवळले. बारा वर्षं ती अशा गाड्या विकत होती. लोक हँडल दाबून बघत, रंग विचारत, बाटली ठेवायला कप्पा आहे का ते पाहत. बाळाच्या वजनाइतकी, साडेसहा किलो वाळू मोजून घेऊन येणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. तरी तिने आतून दुसरी गाडी आणली. तीन मोठी चाकं, हवेचे टायर, हाताजवळ ब्रेक, आणि पळताना गाडी सुटू नये म्हणून मनगटात अडकवायचा पट्टा.

तो पाडकामावर होता. जुन्या इमारतींच्या भिंती घणाने पाडायच्या, हा त्याचा धंदा. कुठलीही वस्तू किती टिकेल हे त्याला घाव घालूनच कळायचं.

थोरली बहीण काउंटरपाशी स्टुलावर बसली होती. तिच्या खांद्यावर त्याची पाच महिन्यांची मुलगी होती. त्याची बायको बाळंतपणानंतर नवव्या दिवशी गेली. लग्नापासून दोघं रोज सकाळी पळायला जायची आणि रोज तीच पुढे असायची. वळणावर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि आलात का आजोबा, म्हणून चिडवायची. ती गेल्यापासून त्याचं डोकं फिरायला निमित्त लागत नव्हतं. मुकादमाला जिन्यावरून ढकलून झालं होतं, शेजाऱ्याचं दार फोडून झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ताई जेवण घेऊन आली, तेव्हा खोलीच्या मधोमध पाळण्याचे तुकडे पडले होते, त्यांत घण, आणि तो भिंतीला टेकून बसलेला. मुलगी गादीवर झोपली होती. इतकी गाढ, की बाटली ओठांना लावली तरी डोळे उघडेना. रडून रडून दमली असेल, असं तेव्हा ताई म्हणाली होती. त्याच पावली ती मुलीला आपल्या घरी घेऊन गेली. पुढचे दोन दिवस मुलीला उलट्या होत होत्या. ताईने दूध बदललं.

तेव्हापासून तो रोज कामावरून सुटला की ताईच्या दारात येऊन उभा राहायचा. पळून आलो की अंगातला राग उतरतो, हे त्याने तिला परोपरीने सांगितलं. पोरगी रडायला लागली की गाडीत घालायची आणि दोघं दमेपर्यंत पळायचं. दहा-बारा दिवस ताईने त्याचं ऐकलं नाही, मग एकदाचा होकार दिला. आज गाडी घ्यायची आणि आजच मुलीला घरी न्यायची, असं ठरलं होतं.

त्याने वाळूची पिशवी नव्या गाडीत बांधली, दुकानाच्या टोकापर्यंत मागे गेला आणि पळत येऊन गाडी पायरीवर घातली. गाडी उसळली आणि तीन चाकांवर परत बसली.

दुपटी चाळत उभा असलेला एक जाडजूड माणूस हसला. “काय राव, गाडी घ्यायला आलात की पाडायला?”

पुढच्या क्षणी त्या माणसाची कॉलर त्याच्या मुठीत होती. त्याने त्याला मांडणीवर आदळलं. खोकी धडाधड खाली आली, एक पावडरचा डबा फुटला. माणसाच्या नाकातून रक्त आलं आणि पांढऱ्या पावडरीवर ठिबकलं. दुसरी मूठ वर गेली होती.

“धाकट्या,” ताई म्हणाली.

मूठ खाली आली. तो माणूस नाकाला रुमाल लावून पोलिसांच्या नावाने बडबडत बाहेर पडला. मुलीचा बाप गुडघ्यांवर बसून खोकी गोळा करायला लागला. बाईला आता एकच हवं होतं, की याने गाडी घ्यावी आणि एकदाचं जावं. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची वाक्यं तिने घाईघाईने उरकायला घेतली. पळताना पुढचं चाक लॉक करा, हवा दर आठवड्याला बघा, पट्टा मनगटातच ठेवा. बाळ केवढं आहे, ते तिने शेवटी विचारलं.

“पाच महिन्यांची.”

“मग तीन-चार महिने नुसती चालवा, पळवू नका. मान धरली तरी कच्ची असते. जोरात हादरे बसले की मेंदू आत हिंदकळतो. वरून काहीच दिसत नाही.”

त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं.

“काहीच दिसत नाही म्हणजे?”

“म्हणजे खरचटत नाही, सुजत नाही. मूल मलूल पडतं. उलट्या करतं. लोकांना वाटतं, दूध बाधलं.”

तो उठला. गाडी तिथेच राहिली, वाळूची पिशवी तिच्यात तशीच बांधलेली. डॉक्टरकडे जायचं, एवढंच तो ताईला म्हणाला. का, ते ताईने विचारलं नाही. ती त्याच्या पुढे झाली आणि रस्ताभर पुढेच राहिली. मुलीच्या डोक्यामागे तिने पंजा धरला होता.

डॉक्टरांनी मुलीला टेबलावर निजवलं, टाळूवर बोटं फिरवली आणि काय झालं होतं, असं विचारलं.

“पलंगावरून पडली,” ताई म्हणाली. “तीन आठवडे झाले. मी घरातच होते. खाली गोधडी होती, म्हणून वाचली.”

ती कुठेही अडखळली नाही. रचलेल्या गोष्टीत गोधडीसुद्धा तिने घातली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. ताई मुलीचं झबलं खाली ओढत होती.

“पडली नाही,” तो म्हणाला. “मी हलवली. दोन्ही हातांनी धरून.”

“गप्प बस,” ताई म्हणाली.

“किती वेळ?” डॉक्टरांनी विचारलं.

“रडायची थांबेपर्यंत.”

डॉक्टरांनी टॉर्च लावला आणि मुलीच्या चेहऱ्यासमोरून हळूहळू फिरवला. उजवा डोळा उजेडाच्या मागे गेला. डावा जरा उशिरा निघाला आणि मध्येच थांबला. त्यांनी पुन्हा फिरवला. पुन्हा तसंच झालं.

मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आत्ताच, असं ते म्हणाले. तिथे कारण लिहून द्यावं लागेल. कारण लिहिलं की चौकशीला माणसं येतील, आणि मुलगी कोणाकडे राहणार हे मग घरच्यांच्या हातात राहणार नाही.

“माझ्याकडेसुद्धा नाही?” ताईने विचारलं.

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद ओढून घेतला. पेन उघडून ते थांबले. “या बाई म्हणतायत पडली, तुम्ही म्हणताय हलवली. काय लिहू?”

ताईने त्याचं मनगट धरलं. नखं रुतली. त्याने हात सोडवून घेतला नाही.

“हलवली,” तो म्हणाला.