शालूबाईंचा आवाज

प्राची लिहायची ते विषय ऐकून घरच्यांना हसू यायचं. जांभई एकाची दुसऱ्याला का लागते, घड्याळं नव्हती तेव्हा रात्रीचे प्रहर कसे मोजायचे, एकाच जातीचे बेडूक दोन गावांत वेगळे ओरडतात का. कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत दर आठवड्याला तिचं असलं काहीतरी यायचं आणि लोक ते आवडीनं वाचायचे.

पोपट माणसाचा आवाज कसा उचलतात यावर ती लिहीत होती, तेव्हा तिला कोडोलीच्या केरबांचं कळलं. त्यांची बायको शालूबाई दोन वर्षांपूर्वी वारली होती. घरातला राघू मात्र अजून तिच्याच आवाजात बोलत होता.

प्राची कोडोलीला गेली. केरबांनी "या पावणं," म्हणत पाट सरकवला. पिंजरा सोप्यात टांगलेला होता. बराच वेळ राघू गप्प राहिला. मग डाळीचा दाणा सोलता सोलता एकदम म्हणाला, "अवं, उठा की. च्या निवाय लागला."

आवाज बाईचा होता. थोडा बसका, थोडा रागावलेला.

"पयल्यांदा मी लई भ्यालो," केरबा म्हणाले. "आता हाक आल्याबिगर अंथरूण सोडत न्हाय. पोरगं म्हणतं, कागलला चला माझ्याकडं. म्हटलं, हिला टाकून कसा येऊ?"

लेख झकास जमला. नामशेष झालेल्या जमातीची भाषा शेवटी एका पोपटाच्याच तोंडी उरली होती, ती जुनी दंतकथाही तिनं त्यात घातली. संपादकांनी फोटो मागितला, तिनं दिला; पिंजरा आणि शेजारी केरबा. गावाचं नावही दिलं. देशी पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे हे तिला ठाऊक होतं. पाठवताना ते मनात येऊनही गेलं. पण खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या पोपटाकडे कोण बघतंय, असं वाटून तिनं लेख पाठवून दिला.

लेख हजारो मोबाईलांवर फिरला. कुणीतरी तक्रार केली. त्या आठवड्यातच वनखात्याची जीप कोडोलीत आली. माणसं सभ्य होती. म्हाताऱ्यावर गुन्हा नोंदवला नाही, समज दिली आणि पिंजरा घेऊन गेली.

प्राचीला हे केरबांच्या मुलाकडून, कृष्णातकडून कळलं. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोन केला. मागं यंत्रांचा आवाज येत होता.

"मॅडम, भांडाय फोन केला न्हाय," तो म्हणाला. "एवढंच सांगायचं होतं, आमची आई आमच्या घरातनं दोनदा गेली."

त्यानंतर प्राचीनं हातातलं सगळं बाजूला ठेवलं. राघू परत मिळावा म्हणून अर्ज केले, ओळखी काढल्या. वनखात्याच्या अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं दुःख कळतं. पण उद्या दुसरा कुणी येईल, त्याला मी काय सांगू?" राघूला बघायची तेवढी परवानगी मिळाली. वनखात्याच्या केंद्रात मोठ्या जाळीच्या खोलीत पंधरा-वीस पोपट होते. त्यांतला राघू कुठला, हे तिला ओळखता आलं नाही. सांभाळणाऱ्यानं बोट दाखवलं. ती जाळीजवळ अर्धा दिवस उभी होती. राघू इतरांसारखाच किंचाळत होता. माणसाचा एक शब्द त्यानं काढला नाही.

मग ती कोडोलीला गेली. केरबा दाढी वाढवून बसले होते. चूल पेटलेली नव्हती. तिनं माफी मागितली. राघूला बघून आल्याचं सांगितलं. लेखासाठी केलेलं ध्वनिमुद्रण तिच्या फोनवर होतं, ते तिनं लावलं.

"अवं, उठा की. च्या निवाय लागला."

केरबांनी मान वर केली. पुन्हा लावू का, असं तिनं विचारलं.

"नगं," ते म्हणाले. "ह्ये आपण बोट लावल्यावर बोलतंय. ती तिच्या मनानं हाक मारायची."

मग त्यांनीच विचारलं, "बघून आलीस नव्हं? बोलतोय का तिथं?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "नाही," ती म्हणाली. "नाही बोलत."

"उडतोय?"

"थोडं थोडं. या फांदीवरून त्या फांदीवर."

"पंख हायत, उडायचाच की," केरबा म्हणाले. "त्याला कोंडून ठेवल्याला तर मीच." आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

दिवाळीच्या आधी कृष्णात त्यांना कागलला घेऊन गेला. प्राचीनं तो लेख संकेतस्थळावरून काढायला लावला, पण तोवर त्याच्या इतक्या नकला झाल्या होत्या की काढून उपयोग नव्हता. ती अधूनमधून कृष्णातला फोन करते. तात्या बरे आहेत, असं तो वडिलांबद्दल सांगतो. जेवतात, नातवंडांत बसतात. सकाळी मात्र जागे होऊनही बराच वेळ पडून राहतात, उठा म्हटलं तरी उठत नाहीत.