स्टेजवर कुणी येणार नाही

शाळेच्या हिवाळी बातमीपत्राचं काम दरवर्षी तिसरीच्या बाईंच्याच गळ्यात पडायचं. शाळा लहान, बातमीपत्र चार पानांचं. मागे शर्यतींचे निकाल, आत मुलांची चित्रं आणि पहिल्या पानावर ठरलेला फोटो : ‘गरजू विद्यार्थ्यांना स्वेटरवाटप’.

यंदा यादीत सोळा नावं होती. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "मुलांना जुन्या कपड्यांतच स्टेजवर आणा. फोटोत फरक दिसला पाहिजे."

बाईंनी वर्गात नावं वाचली. ठमी जागची हललीच नाही. बाहीला नाक पुसत म्हणाली, "मला नको स्वेटर."

"अगं, दात वाजतायत तुझे!"

"वाजू देत. सगळे मला फुकटी म्हणतात."

बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं. ती एका हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायची. कामावरून तशीच आली. हातांवर भाजल्याचे डाग.

"ताई, तुम्हीच समजवा हिला. एका फोटोचा तर प्रश्न आहे."

"राग मानू नका, बाई," आई म्हणाली, "पण तुमच्या लेकीला असं उभं केलं असतंत? थंडी दोन महिन्यांत जाते. तुमचा तो कागद मात्र घराघरांत जाऊन बसतो. गेल्या वर्षीचा फोटो दाखवून गल्लीतली पोरं अजून हिला चिडवतात. स्वेटर अंगात असूनही पोरगी अंग चोरून चालते. मग ऊब मिळाली कुणाला?"

बाईंनी कपाटातून गेल्या वर्षीचा अंक काढून पाहिला. सहा वर्षं तो फोटो त्यांनीच तर छापायला दिला होता!

शर्यतींच्या दिवशीच आधी वाटपाचा कार्यक्रम होता. स्वेटर देणारे कापडदुकानदार पहिल्या खुर्चीत बसले होते. मुख्याध्यापकांनी खूण केली, "हं, वाचा यादी."

बाई माईकपाशी गेल्या. हातातली यादी त्यांनी टेबलावर पालथी ठेवली.

"मी यादी वाचणार नाही. एकही मूल स्टेजवर येणार नाही. स्वेटर आईवडिलांच्या हाती देऊ, बंद पिशवीतून."

"बाई!" मुख्याध्यापक उसळले. "देणाऱ्यांचा काही मान आहे की नाही?"

"आहे ना, सर. आणि घेणाऱ्यांचा? मला खुशाल नोटीस द्या, पण ही नावं माझ्या तोंडून निघणार नाहीत!"

दुकानदार अवघडून उठले. "सर, फोटो मी कधी मागितला होता? तुम्हीच दरवर्षी पाठवत होतात. मला वाटलं, शाळेची रीतच असेल."

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. देणाऱ्यानं न मागितलेली किंमत आपण सहा वर्षं मुलांकडून वसूल करत होतो! त्यांनी यादीची घडी करून खिशात टाकली. "चला, मैदानावर," ते मुलांना म्हणाले. "शर्यती सुरू करू."

शाळा सुटल्यावर पिशव्या द्यायला ते स्वतः ऑफिसच्या दारात उभे राहिले. ठमीच्या आईला म्हणाले, "ताई, चुकलं आमचं." आईनं पिशवी घेतली आणि "पोरीच्या मापाचा आहे ना?" एवढंच विचारलं.

वाचकहो, आपणही देतोच की! जुने कपडे, वह्यापुस्तकं, अडल्यानडल्याला हातभार. देताना एवढंच पाहावं, घेणाऱ्याला आपल्या डोळ्याला डोळा भिडवता येतो ना? येत नसेल, तर दिलं त्याहून जास्त आपण त्याच्याकडून काढून घेतलेलं असतं.