चिमणी जिवंत आहे

माझा मेहुणा कादंबरीकार. युद्धावर लिहायचं म्हणून तो आठवडाभर माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन बसला. मी तीन वर्षं आघाडीवर काढलेली.

"दाजी, अनुभवाने माणूस कसा बदलतो, तेवढं सांगा."

मी चिमणीची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचा पोरगा. दिवसभर चिवचिव करायचा, म्हणून आम्ही त्याला चिमणी म्हणायचो. स्वतःच्या वाटणीचा अर्धा पाव छावणीतल्या कुत्रीला घालायचा. पाच महिन्यांनी एका दुपारी ती भुंकायची थांबेना, तेव्हा त्याने तिला गोळी घातली आणि पुन्हा जेवायला बसला. आमच्यापैकी एकाचाही घास अडला नाही.

"असे बदललो आम्ही," मी म्हणालो. त्याने सगळं लिहून घेतलं.

कादंबरी आली. तिच्यात कुत्री नव्हतीच. भित्रा चिमणी लढाईत तावूनसुलाखून निघतो, वाघ होतो आणि शेवटच्या पानावर हसत हसत प्राण देतो!

माझं डोकंच फिरलं. दुकानाला कुलूप घातलं आणि मेहुण्याचं घर गाठलं.

"अरे, जिवंत आहे तो!"

"दाजी, कादंबरी आहे ही. वाचकाला काही उमेद नको का?"

"पोराला मारून उमेद देतोस होय रे? घाल चपला."

दंडाला धरून त्याला दोन गल्ल्यांपलीकडे नेलं. चिमणी भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिशीचा झालाय आता, बोलणं कधीच संपलंय. आई त्याला एकेक घास भरवत होती. पुस्तक तिने शेजारणीकडून वाचून घेतलं होतं.

"छान लिहिलंय म्हणतात सगळे," ती मेहुण्याला म्हणाली. "पण बाळा, तुझ्या पुस्तकात हा गेला. मग अकरा वर्षं मी भरवतेय तो कोण?"

जिना उतरताना मेहुणा पुटपुटला, "पुढच्या आवृत्तीत बदलतो."

पुढची आवृत्ती आली. एक अक्षर बदललं नव्हतं, मुखपृष्ठावर पदकाचं चित्र तेवढं वाढलं होतं. बायको म्हणाली, "जाऊ द्या ना, धाकटा भाऊ आहे माझा."

"भाऊ म्हणून येऊ दे, पोटभर जेवू दे. माझं काही म्हणणं नाही."

मग एका शाळेने त्याला भाषणाला बोलावलं. विषय : युद्ध पोरांना माणूस कसं बनवतं. चिमणीच्या आईला घेऊन मी पहिल्या रांगेत बसलो. आम्हाला बघून मेहुणा चाचरला, घोटभर पाणी प्यायला आणि तरीही तेच बोलला. मिसरूड न फुटलेल्या पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मी उभा राहिलो.

"प्रश्न शेवटी विचारा, बसा," मुख्याध्यापक म्हणाले.

मी बसलो नाही.