सोनाजीनं तीनदा विचारलं

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सोनाजी आला, की पुण्यापासून पुंडलिकनगरपर्यंत साऱ्या गोतावळ्याची तोंडं पिठात बुडाल्यागत व्हायची. म्हातारा मेंढरं घेऊन गंगापूरकडं, कालव्याच्या भरावावर उभा. तिथली रेंज इतकी हडकुळी, की वारा सुटला की उडून पैठणला जायची; खोटं वाटत असेल तर कालव्यातल्या बगळ्यांना विचारा. सॉफ्टवेअर प्रत्येकाचं एकच चित्र पाठवायचं, तेही सगळ्यात अशक्त रेंजला झेपेल एवढंच. एकाला पचेना म्हणून साऱ्या पंगतीला पेज.

"आले आबा," पुण्याचा नातू हनुमान म्हणायचा, "माझं नाकच पुसून गेलं. आबा, माइकचं बटण दाबा." मग आबा बटण दाबायचे आणि मेंढरांसकट ऐकू यायचे.

सॉफ्टवेअर आबांच्याच नातीच्या, ज्ञानेश्वरीच्या कंपनीचं. तिनं त्यात नवी सोय चालू केली. आता प्रत्येक फोन आपल्या चित्राच्या तीन प्रती पाठवणार: मोठी, मधली, बारकी. ज्याच्या रेंजला जी पेलेल, ती सर्व्हर त्याच्या हाती देणार. आबांना बारकी मिळेल, इतरांचं मोठं चित्र बिघडणार नाही. त्या रविवारी काकूच्या नथीतले मोतीसुद्धा वेगवेगळे दिसले.

त्याच रविवारी आबा मेंढरांचं विचारणार होते. गुडघे साथ देत नव्हते. कळप ठेवायचा की विकायचा, हे सगळ्यांपुढं ठरायचं होतं. ज्ञानेश्वरीचं उत्तर तयार होतं: ठेवायचा. राखायला बिडकीनचा एक माणूसही तिनं बघून ठेवला होता. ती चित्र धूसर व्हायची वाट बघत बसली. झालं नाही. आबा काही आले नाहीत, पुढच्या खेपेला बघू, म्हणत सगळे उठले.

चार-पाच दिवसांनी ती गंगापूरला गेली. मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळून भिंतीला टेकवलेली. कुत्रं जागेवरच बसून राहिलेलं, राखायला काही नसताना.

"आबा, मेंढरं कुठंयत?"

"दिली की. तुमच्याम्होरंच इचारलं. आपल्या बैठकीत इचारत्यात तसं, तीनदा. कुणी नाय म्हनलं नाय, म्हंजी होच. मंग फोन ठिवला."

"बटण दाबलं होतं?"

"दरयेळी तुमीच वरडता. या खेपंला कुणी काय बोललं नाय. म्हनलं, आता लागत नसंल."

ज्ञानेश्वरीला सगळं उलगडलं. पडद्यावर नऊच चौकटी मावतात; गप्प माणूस मागच्या पानावर जातो. इतके दिवस आबा आल्याची वर्दी सगळ्यांच्या पुसट तोंडांनी दिली होती. ती वर्दीच तिनं दुरुस्त करून टाकली होती.

"वाईट वाटलं जरा," आबा म्हणाले. "पर म्हनलं, लेकरं शानी हायेत. माझ्या गुडघ्याकडं बघून गप बसली."

"परत आणता येतील का?"

"कुठनं, बाय? चार गावाला पांगली आसतील."

इथं गप्प बसली असती तर म्हाताऱ्याला रात्रीची झोप तरी लागली असती. पण तिला राहवलं नाही.

"आबा, तुमचा आवाज आलाच नाही कुणाला. मी नको म्हणणार होते."

सोनाजीनं पायाखालच्या लेंड्या काठीनं बाजूला सारल्या.

"मंग म्या इचारलं कुनाला?"