पंचतारकांतली शिला

ते साल २०२२. साखरा गावातल्या बुद्धविहाराला त्याच वर्षी नवा रंग दिला होता, म्हणून पक्कं लक्षात आहे. माघातल्या एका सकाळी टीव्हीवाल्यांची गाडी गावात शिरली आणि अंगणवाडीच्या शिलाताईनं दार आतून लावून घेतलं.

वीस वर्षांमागं एका वाहिनीनं स्पर्धा घेऊन पाच मुली निवडल्या, त्यांना चकचकीत कपडे घातले आणि ‘पंचतारका’ नावाचं गाण्याचं पथक उभं केलं. त्यांत हिंगोलीच्या कॉलेजातली शिला होती. कॅसेट निघाली, पोस्टरं लागली, वर्षभरात लोक विसरलेही. पण कॅसेटवर शिलाचा आवाज नव्हताच. नाचायला या मुली, गायला स्टुडिओतली कुणी बाई. गावाला तिनं घशाचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं आणि माईकपासून लांब राहिली. लग्नानंतर लेक झाली, साक्षी. आईचाच आवाज समजून ती तीच कॅसेट ऐकून गायला शिकली. तिला कळलं तर?

आता वाहिनीला पंचतारका परत आणायच्या होत्या. प्रत्येकीनं आपल्या गावात जुनं गाणं म्हणायचं. दिग्दर्शक सुरज हळूच म्हणाला, “घाबरू नका मॅडम. स्पीकरवर जुनंच गाणं वाजवतो. तुम्ही फक्त ओठ हलवा.”

शूटिंग विहारात ठरलं. माईक सांभाळणारा संतराम आडवा आला. “असं कसं साहेब? विहारात कार्यक्रम म्हणल्यावर आधी वंदना. अन् जिचा मान, तिनं सांगायची. आमी मागून म्हणतो.”

“माझा घसा...” शिला म्हणाली.

“घ्या! टीव्हीला गाता येतं, अन् वंदनेलाच काहून दुखून राहिला ताई?”

बाया हसल्या. शिलाला हसणं ऐकूच आलं नाही. तिनं माईक हातात घेतला. पहिली ओळ तोंडातून निघाली ती जाड, फाटकी. गावानं ती मागून म्हटली. मग पंचशीलातली शीलं आली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं होतं खोटं न बोलण्याचं. तिथं ती अडली. माईक घुमत राहिला. पुढच्या रांगेतून साक्षीनं मान वर केली. शिलानं कसंबसं ते शील सांगितलं, पाचवंही सांगितलं.

लगेच सुरजनं गाणं लावलं. बारीक, मधाळ आवाज विहारभर पसरला. साक्षी एकदा स्पीकरकडं बघायची, एकदा आईकडं. शिलाचे ओठ हललेच नाहीत.

“कट! मॅडम, ओठ!”

“हा आवाज माझा न्हाई,” शिला म्हणाली. माईक चालू होता. कळसावरच्या भोंग्यातून ते सगळ्या गावानं ऐकलं.

मागच्या रांगेतून तिची आई भागूबाई म्हणाली, “बस खाली, माय. मला कवाचं ठाऊक हाय. लेकीचा आवाज मला कळत न्हाई व्हय?”

साक्षी उठून बाहेर गेली. शिला दाराकडं बघत राहिली. कार्यक्रम संपेपर्यंत साक्षी परत आली नाही.

वाहिनीनं तो कार्यक्रम उरलेल्या चौघींवर चालवला, दुपारच्या वेळी, तीन भाग. आज तो कुणाला आठवत नाही. सुरज लग्नांचे व्हिडिओ काढतो म्हणे. भागूबाई पुढच्या वर्षी गेली. संतराम दर पौर्णिमेला शिलापुढंच माईक धरतो, आणि तीही वंदना सांगते, त्याच फाटक्या आवाजात.

साक्षी आठ दिवस आईशी बोलली नाही. आता नांदेडला गाणं शिकते. फोनवर नवं गाणं आईला ऐकवते. आवाज तिचा स्वतःचा, आणि फार गोड. “कुणी टीव्हीवाला भेटला काय गं, दुसरीसाठी आवाज मागणारा?” शिला दरवेळी विचारते. “न्हाई आई,” ऐकेपर्यंत तिचा श्वास वरच असतो.