ऑल्टवरचं बोट

“धर,” आनंदराज म्हणाला.

शेजारच्या स्टुलावरून महामायाने ऑल्टच्या कळीवर बोट ठेवलं. त्याने उजव्या हाताने शून्य, एक, सात, सहा मारलं. “सोड.” तिने बोट उचललं आणि संगणकाच्या पडद्यावर तापमानाच्या अंशाचं बारकं वर्तुळ उमटलं.

आनंदराजचा डावा हात शाळकरी वयातच भूकंपात घराच्या दगडांखाली गेला होता. कीबोर्डवर नसलेलं चिन्ह ऑल्ट दाबून धरून आकडे मारले आणि कळ सोडली की उमटे; पण उजवीकडच्या ऑल्टपासून आकड्यांपर्यंत एकटा पंजा पुरत नसे. एकदा डबा घेऊन आलेल्या बायकोला, महामायाला, त्याने कळ धरायला सांगितलं. ती तिथे बसली ती वर्षानुवर्षं; रिकाम्या वेळात त्याने तिला टायपिंग आणि चिन्हांचे आकडेही शिकवले. टायपिंगच्या दुकानाचे मालक ईश्वरप्पा, त्यांची तक्रार नव्हती. एका पगारात दोन माणसं कोणाला नको असतात? लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि त्यांच्या फिजिक्सच्या प्रश्नपत्रिका आनंदराजच टाइप करी. गावात त्याला ‘थोटा’ म्हणत. इथे क्लासवाले ‘आनंदराज सर’ म्हणत, आणि त्यासाठी तो उपाशीही बसला असता.

एका संध्याकाळी ईश्वरप्पा खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“उद्यापासून हितं हिला बसू दे. दोन हात हायत, लवकर होतंय.”

“अन् मी, मालक?”

“तू लई केलंस. आता घरी आराम कर.”

“सगळं मीच शिकवलंय तिला.”

“म्हणून तर म्हणतोय.”

“मला न्हाई बसायचं,” महामाया म्हणाली.

“मग दुसरं कुणी बघतो.”

गरज सरो, वैद्य मरो. आनंदराजला राग आला तो मालकाचा, आणि लाज वाटावी असा, बायकोच्या दोन हातांचाही. पण घरी तोच म्हणाला, “बस तू. चूल तर पेटाय पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तो दुकानाच्या दारात आला. महामाया खुर्चीवर होती. डाव्या बोटाने ऑल्ट धरून तिने आकडे मारले. चिन्ह उमटलं नाही. कळीवर बोट तसंच ठेवून ती पडद्याकडे बघत राहिली.

“अडलं काय?” ईश्वरप्पांनी विचारलं.

“काय झालं कळंना.”

आनंदराजला कळलं होतं. त्याने सांगितल्याशिवाय ते बोट आजवर उठलंच नव्हतं. गप्प राहावं, बसू दे अडून, असं त्याला मनापासून वाटलं. मग तो उंबऱ्यातूनच म्हणाला, “सोड.”

तिने बोट उचललं. वर्तुळ उमटलं.

“जमलं की,” ईश्वरप्पा म्हणाले.

आनंदराजने रिकाम्या स्टुलावर डबा ठेवला आणि तो पायऱ्या उतरला. मागून पुढच्या चिन्हाचे आकडे वाजले. या खेपेला कोणी ‘सोड’ म्हणालं नाही, तरी कळ सुटल्याची टक झाली.