पान एकालाच उघडतं

सपनाने दहा वाजून दोन मिनिटांनी पुन्हा चाचणी घेतली. राउटरचं उत्तर तेच: दुसरी व्यक्ती आत आहे, नंतर प्रयत्न करा.

अकरा वाजता तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, जळगावच्या या घरातून, ऑनलाइन. आधीची एक तारीख नेट तुटल्यामुळेच हुकली होती. राउटर बंद-चालू केला तर चार मिनिटं जात. त्याच्या पानावर लॉगिन करून जोडणी नव्याने लावली तर आठ सेकंद. नेट तुटताच ते काम आपोआप करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, तिने लिहिली होती. काल संध्याकाळी ती पाचही वेळा चालली होती.

तिने पासवर्ड तपासला. लॉगिनची जुनी कुकी पुसली. पाणी प्यायला उठली आणि न पिताच परतली. साडेदहाला राउटरचं उत्तर शेवटपर्यंत वाचलं. आत असलेल्या उपकरणाचा क्रमांक त्यात होता. तो नानांच्या मोबाइलचा निघाला.

वडील पुढच्या खोलीत होते. दीपनगरच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कंट्रोल रूम सांभाळलेला माणूस. मांडीवर वही, हातात मोबाइल.

"नाना, राउटरच्या पानावर तुम्ही आहात?"

"हो. रोज तासाला एकदा सिग्नल टिपतो. आज तुझी परीक्षा, म्हणून दर पाच मिनिटांनी. पानावरून उठलोच नाही."

"ते पान एका वेळी एकालाच उघडतं. बाहेर पडा."

"आणि नेट गेलं तर बघणार कोण? पुढच्या पाळीचा रिलीव्हर समोर आल्याशिवाय चार्ज सोडत नसतात."

"दोन वर्षं झाली रिटायर होऊन," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "यांची पाळी काही सुटत नाही."

सपनाने लॅपटॉप आणून त्यांच्यासमोर ठेवला. "हा रिलीव्हर."

नानांनी स्क्रिप्टचा काळा पडदा नीट पाहिला. "याला रीडिंग वाचता येतं?"

"येतं."

"मग सही तू कर."

तिने वहीत वेळ घालून सही केली. नाना लॉगआउट झाले. चाचणी आठ सेकंदांत झाली. त्यांनी मोबाइल आईच्या हातात दिला. "लपवून ठेव. मी मागितला तरी देऊ नको."

अकरा अडतीसला परीक्षकांचा आवाज प्रश्नाच्या मध्यावर तुटला. सपनाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. नऊ मोजेपर्यंत चेहरा परत आला.

"आवाज गेला होता का? प्रश्न पुन्हा विचारते."

सपना उत्तर देऊ लागली. दाराबाहेर नाना येरझाऱ्या घालत होते आणि आई दबक्या आवाजात म्हणत होती, "नाही देणार."